पाचटाचा कोळसा आणि विहिरीतला चिखल

सातारा-सांगली भागात खनिज तेल नाही आणि नैसर्गिक वायूही नाही. आमच्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, आणि शेतकरी जी बोअर मारून घेतो ती हातोडा व कॉम्प्रेसरची हवा यांच्या जोरावर खाली जाते. दगडाची भुकटी हवेबरोबरच वर येते, तिच्यात चिखल फिरवावा लागत नाही. त्यामुळे वाळवा तालुक्यात राहणाऱ्या माणसाने ड्रिलिंग फ्लुइडवर, म्हणजे खोल विहीर पाडताना तिच्यात फिरवल्या जाणाऱ्या चिखलावर, लिहावे याचे काहींना नवल वाटेल. नोकरीचा बहुतेक काळ मी मुंबईच्या समुद्रातील आणि आसामातील तेलविहिरींच्या रिगवर (छिद्र पाडणाऱ्या यंत्रणेवर) चिखल सांभाळणारा मड इंजिनिअर म्हणून काढला, आणि निवृत्तीनंतर ज्या घरात राहतो त्याच्या तिन्ही अंगांना ऊस आहे. शेतातील टाकाऊ मालापासून कार्बन तयार करायचा आणि तो ड्रिलिंगच्या चिखलात वापरायचा, अशा आशयाचे शोधनिबंध अलीकडे बरेच वाचायला मिळतात, आणि ते वाचताना मला रिग व रान या दोन्हींचा हिशेब एकाच वेळी मांडावा लागतो. तो हिशेब येथे मांडत आहे.

खोल ड्रिलिंगशी या भागाचा अगदीच संबंध नाही असेही नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला, जलाशयामुळे चालना मिळणाऱ्या भूकंपांचा प्रश्न जगापुढे आला, आणि त्याच अभ्यासासाठी पुढे कराडला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी उभी राहिली. तिच्या कामाचा भाग म्हणून कोयना परिसरात गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोलीचे चाचणी-छिद्र २०१७ मध्ये पूर्ण झाले. वरचा सव्वा किलोमीटरच्या आसपासचा बेसाल्ट संपल्यावर तेथे खाली ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक लागला. हे काम करताना चिखल फिरवून छिद्र पाडण्याची पद्धत आणि हवेच्या हातोड्याची पद्धत यांची सांगड घातली गेली. म्हणजे चिखल आमच्या जिल्ह्यांच्या वाटेला कधीच आला नाही, असे म्हणता येत नाही.

या चिखलाचे काम काय, हे आधी सांगितले पाहिजे. पाणी, बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी माती) आणि बराइट (वजन वाढवणारे जड खनिज) हे त्याचे मुख्य घटक. बेंटोनाइट कच्छ आणि बाडमेरकडून येते, बराइट आंध्र प्रदेशातील मंगमपेटहून. पाइपातून खाली गेलेला चिखल बिटच्या, म्हणजे खडक फोडणाऱ्या टोकाच्या, तोंडातून बाहेर पडतो, खडकाचा चुरा घेऊन वर येतो, वाटेत बिट थंड ठेवतो, आणि आपल्या वजनाने खडकातील पाणी, तेल व वायू यांना दाबून धरतो. हे सगळे करत असताना त्यातील थोडे पाणी खडकात झिरपतेच. ते किती झिरपावे यावरच विहिरीचे बरेवाईट ठरते. पाणी झिरपताना चिखलातील बारीक कण भिंतीवर साचतात आणि एक थर तयार होतो; हा थर पातळ, चिवट आणि घट्ट असला पाहिजे. तो जाड झाला की पाइप अडकतो, आणि सच्छिद्र झाला की पाणी शेलमध्ये, म्हणजे चिकणमातीपासून बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकात, जाऊन शेल फुगतो, सुटतो, कोसळतो. फिल्ट्रेशन (पाण्याचे हे झिरपणे) कमी करणे, चिखल पातळ राखणे आणि शेल सांभाळणे या तीन कामांसाठी जी रसायने लागतात, त्यांतील काहींची जागा शेतातील कार्बन घेऊ शकेल का, एवढाच खरा प्रश्न आहे.

शेतातील माल रिगवर नवा नाही. चिखल खडकाच्या भेगांत पळून जाऊ लागला की त्या बुजवण्यासाठी अक्रोडाच्या कवचांचा भरडा, सरकीची टरफले, भाताचा तूस आणि उसाचा बगॅस यांचा वापर कित्येक दशकांपासून होत आला आहे. स्टार्च मक्याचा किंवा बटाट्याचा असतो, गवार गम गवारीच्या बियांतून निघतो. पण कच्च्या मालाला दोन खोडी असतात. तो कुजतो, आणि तो तापमानाला टिकत नाही. साधा स्टार्च सव्वाशे अंश सेल्सियसच्या अलीकडेच मोडू लागतो, आणि जंतुनाशक घातले नाही तर त्याआधीच आंबतो. आंबलेल्या स्टार्चच्या चिखलाचा वास ज्याने एकदा घेतला त्याला तो वर्णन करून सांगावा लागत नाही. तोच माल कार्बनच्या रूपात नेला तर या दोन्ही खोडी जवळजवळ जातात. निबंध लिहिणाऱ्यांचा पहिला मुद्दा हाच असतो आणि तो बरोबर आहे.

दुसरा मुद्दा आकाराचा. शेलमधील छिद्रे काही नॅनोमीटरपासून (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) काही डझन नॅनोमीटरपर्यंतची असतात. बराइटचे किंवा बेंटोनाइटचे नेहमीचे कण त्यांच्या तोंडावर बसू शकत नाहीत, म्हणून पाणी आत शिरत राहते. तेवढ्याच आकाराचा कार्बन मिळाला तर तो ती तोंडे बुजवील, असा हा विचार आहे. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ग्राफीन ऑक्साइडवर, म्हणजे ऑक्सिजन जोडलेल्या कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यांवर, जे काम प्रसिद्ध केले त्यात ०.२ टक्के कार्बन असलेल्या पाण्याच्या चिखलातून ३० मिनिटांत सरासरी ६.१ मिलिलिटर पाणी झिरपले आणि साधारण २० मायक्रॉनचा थर बसला. नेहमीच्या माती-पॉलिमरच्या चिखलातून ७.२ मिलिलिटर पाणी आले आणि थर २८० मायक्रॉनच्या आसपास होता. पाण्यातला फरक लहान आहे, थराच्या जाडीतला फरक थक्क करणारा आहे. पाइप अडकल्यामुळे रात्री जागून काढलेल्या कोणालाही त्याचे मोल कळेल.

तथापि ग्राफीन ऑक्साइड बनवण्याची रूढ रीत १९५८ सालची आहे, आणि तिच्यात तीव्र सल्फ्युरिक आम्ल, सोडियम नायट्रेट व पोटॅशियम परमँगनेट लागते. उसाच्या पाचटापासून सुरुवात केली म्हणून हे आम्ल सौम्य होत नाही. कार्बन क्वांटम डॉट्सविषयीही माझे मत असेच काहीसे आहे. हे १० नॅनोमीटरहून लहान कण २००४ मध्ये कार्बन नॅनोट्यूब शुद्ध करताना अनपेक्षितपणे हाती लागले. त्यांच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल आणि कार्बॉक्सिल गट असल्याने ते पाण्यात सहज मिसळतात, शेलच्या छिद्रांत बसतात, आणि फळांच्या सालींपासून भाताच्या तुसापर्यंत कशापासूनही बनतात. परंतु हाती येणारे उत्पादन फार थोडे असते आणि ते वेगळे करण्यासाठी गाळणी, डायलिसिस, गोठवून वाळवणे असा खर्चिक खटाटोप करावा लागतो. शिवाय एक अडचण अशी आहे की तिचा उल्लेख माझ्या वाचनात मला आढळला नाही. हे कण अतिनील प्रकाशात चमकतात. रिगवरचा भूवैज्ञानिक वर आलेला चुरा अतिनील दिव्याखाली धरून तेलाची चमक शोधतो. त्याच चिखलात स्वतःच चमकणारे कण घातले तर त्याने काय शोधायचे? तेलविहिरीत हा प्रश्न गौण नाही.

याउलट, ज्या दिशेने फारसे कोणी उत्साहाने लिहीत नाही ती मला अधिक पटते. चिखल पातळ राखण्यासाठी आणि फिल्ट्रेशन कमी करण्यासाठी लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा, रिगवर पोत्यांनी वापरला जातो. त्याला कॉस्टिक सोड्याची जोड दिली की त्यातील ह्यूमिक आम्ले पाण्यात उतरतात, बेंटोनाइटच्या पापुद्र्यांच्या कडांना चिकटतात आणि त्यांना एकमेकांत गुंतू देत नाहीत. हा लिग्नाइट म्हणजे निसर्गाने लाखो वर्षे दाबून, तापवून तयार केलेले वनस्पतींचे अवशेष. फ्रीडरिख बेर्गियुस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१३ च्या सुमारास वनस्पतीजन्य पदार्थ बंद भांड्यात पाण्याबरोबर तापवून त्याच बदलाची नक्कल काही तासांत करता येते हे दाखवले. आज त्याला हायड्रोथर्मल कार्बनीकरण म्हणतात. १८० ते २५० अंश तापमान, पाण्याचा स्वतःचाच दाब, बाहेरून हवा नाही, आणि कच्चा माल वाळवण्याची गरज नाही. ओल्या मालाच्या प्रदेशात, म्हणजे आमच्या प्रदेशात, ही शेवटची गोष्ट लहान नाही.

लिग्नाइटच्या शेजारी रिगवर दुसरे पोते असते ते क्रोम लिग्नोसल्फोनेटचे. कागदाच्या कारखान्यात लाकडाचा लगदा करताना सुटणाऱ्या लिग्निनपासून ते बनते, म्हणजे मूळचे तेही वनस्पतीजन्यच आहे; पण तापमानाला टिकावे म्हणून त्यात क्रोमियम घालतात. समुद्रातील ड्रिलिंगच्या चिखलासाठी भारत सरकारने २००५ मध्ये जे नियम केले, त्यांत डिझेलच्या चिखलावर बंदी आहे, सहा-संयुजी क्रोमियमवर, म्हणजे त्याच्या विषारी रूपावर, बंदी आहे आणि क्रोम लिग्नोसल्फोनेटच्या जागी पर्यायी रसायन वापरावे असे स्पष्ट म्हटले आहे. बराइटमध्ये पारा किलोमागे १ मिलिग्रॅमहून आणि कॅडमियम ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, अशी अटही त्यातच आहे. तेव्हा शेतातील कार्बनला जागा हवी असेल तर ती येथे रिकामी आहे. त्याने ग्राफीनशी स्पर्धा करण्याचे कारण नाही; क्रोमियमचे पोते हटवले तरी पुष्कळ झाले.

त्याच नियमांत एक पेचही आहे. चिखलातील रसायने, विशेषतः सेंद्रिय घटक, जैवविघटनशील असावीत आणि सागरी जिवांवरील ९६ तासांच्या विषारीपणाच्या चाचणीत त्यांची घातक मात्रा लिटरला ३०,००० मिलिग्रॅमहून अधिक असावी, असे नियम सांगतात. दुसरी अट नीट तयार केलेला कार्बन पार करील असे मला वाटते. पहिलीचे काय करायचे? कोळसा कुजत नाही, हाच तर त्याचा गुण म्हणून आपण पुढे करतो. शेतात गाडलेला कोळसा शतकानुशतके टिकतो म्हणून त्याचे कौतुक होते आणि समुद्रतळावर पडलेला तोच कोळसा विघटन न होणारा पदार्थ ठरतो. माझ्या मते कोळसा बराइटप्रमाणे निष्क्रिय घन पदार्थ म्हणून तपासला जावा आणि कॉस्टिकमध्ये उतरणारा ह्यूमिक भाग सेंद्रिय रसायन म्हणून वेगळा तपासला जावा. दोन्ही एकाच नावाखाली विकले जाऊ नयेत.

आता कच्च्या मालाकडे येतो, कारण शोधनिबंधांत 'कृषी अवशेष' या दोन शब्दांत जे गुंडाळले जाते ते येथे उघडून पाहता येते. उसाचा बगॅस हा टाकाऊ माल आहे असे लिहिणाऱ्याने साखर कारखान्याचे आवार पाहिलेले नसते. गाळलेल्या उसाच्या साधारण २८ ते ३० टक्के बगॅस निघतो, त्यात निम्मे पाणी असते, आणि तो बॉयलरमध्ये जळून वाफ व वीज देतो. जास्तीचा विकला जातो. गुऱ्हाळावरची चिपाडे वाळून चुलवाणात जातात. उसाचे वाढे तोडणीच्या फडातूनच जनावरांसाठी भारे बांधून नेले जाते. उरते ते पाचट. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते आणि पुष्कळ ठिकाणी ते आजही पेटवले जाते, कारण खोडव्याची मशागत लवकर आवरायची असते. कृषी विभाग ते सरीत आच्छादन म्हणून ठेवायला सांगतो आणि तो सल्ला योग्य आहे. म्हणून कार्बनसाठी पाचट घ्यायचे असेल तर ते जिथे पेटवले जाणार होते तेथून घ्यावे. जिथे ते सरीत कुजून मातीला मिळते तेथून उचलून नेणे म्हणजे मातीचे देणे बुडवणे होय.

गुऱ्हाळावरच्या एका गोष्टीविषयी मला वारंवार विचारले जाते, म्हणून लगेच सांगून टाकतो. चुलवाणाच्या धुराड्यात बसणारी काजळी हा फुकटचा कार्बन आहे, ती का वापरू नये? अर्धवट ज्वलनातून आलेल्या काजळीत बहुचक्रीय अॅरोमॅटिक संयुगे असतात, त्यांतील काही कर्करोगकारक आहेत. ती धुराड्यातच बरी.

तासगाव, मिरज आणि कवठेमहांकाळ भागात द्राक्षांच्या छाटणीनंतर काड्यांचे ढीग बांधावर पडतात. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन वेळा हा माल मिळतो, तो लाकडासारखा घट्ट असतो, त्याचा कोळसा उत्तम होतो. त्यात राखही कमी निघते. परंतु द्राक्षबागेवर बोर्डो मिश्रणाची फवारणी होते, म्हणजे मोरचूद आणि चुना. तांबे जळत नाही, उडून जात नाही. काडीच्या सालीवर जे तांबे असेल ते कोळशात तिपटीने-चौपटीने दाट होऊन बसते, कारण बाकीचे वजन घटलेले असते. क्रोमियम काढून तांबे घालायचे नसेल तर प्रत्येक बागेच्या काड्यांची तपासणी आधी करावी लागेल. शिराळा आणि पाटणकडच्या भाताच्या तुसाची गोष्ट आणखी निराळी आहे: तुसाच्या वजनाच्या जवळपास पाचवा हिस्सा राख असते आणि तिच्यात बहुतांश सिलिका असते. सिलिका चिखलात चालेल, पण ती पंपाच्या भागांना घासते, आणि तिला काढायचे तर पुन्हा कॉस्टिकमध्ये उकळणे आले.

हे सगळे मी घरी बसून म्हणत राहिलो असतो, पण आमच्या भावकीतील एक मुलगी केमिकल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. करते आहे आणि तिने याच विषयावर काम घेतले. पाचटाचा कोळसा तिने महाविद्यालयाच्या भट्टीत केला: झाकणाला बारीक भोक पाडलेला पत्र्याचा डबा, आत ठेचून भरलेले पाचट, आणि ५०० अंशांपर्यंत हळूहळू चढवलेले तापमान. भोकातून वायू निघतो तो पेट घेतो. आधी धूर पांढरा असतो, मग पिवळी ज्योत, आणि ज्योत विझली की आतले काम आटोपले. तो कोळसा कुटून, चाळून तिने पाण्यात टाकला आणि मला फोन केला.

"तात्या, हा वर तरंगतोच आहे. किती ढवळला तरी बुडत नाही."

"बुडणार कसा? त्याच्या भोकांत हवा आहे आणि अंगाला पाणी लागत नाही. आधी कॉस्टिक घालून पाण्याचा पीएच दहाच्या आसपास ने, कोमट कर, आणि रात्रभर राहू दे. बेंटोनाइटही वेगळे भिजत घाल. दोन्ही एकदम एकत्र करू नकोस."

पुढचे मी तेथे जाऊन पाहिले. प्रयोगशाळेत ३५० मिलिलिटर पाण्यात २२.५ ग्रॅम बेंटोनाइट ही रूढ मात्रा. एका भांड्यात नुसते बेंटोनाइट, दुसऱ्यात चाळलेला कोळसा, तिसऱ्यात तिने टेफ्लॉनच्या अस्तराच्या लहान पोलादी भांड्यात २०० अंशांना रात्रभर ठेवून केलेल्या हायड्रोचारचा, म्हणजे हायड्रोथर्मल रीतीच्या कोळशाचा, कॉस्टिकमधील अर्क. हे भांडे उघडले तेव्हा करपलेल्या गुळासारखा वास आला. अर्क गडद तपकिरी, जवळजवळ काळा, आणि बोटांवर गुळगुळीत. फिल्टर प्रेस हे साधे यंत्र आहे: तळाला कागद घातलेली पोलादी डबी, वरून १०० पीएसआय, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत सात किलो दाब, आणि खाली मोजपात्र. वाल्व्ह उघडला की पहिली चिळकांडी गढूळ येते, मग पाणी स्वच्छ होत जाते आणि थेंबांमधले अंतर वाढू लागते. ३० मिनिटे ते थेंब पाहत बसणे हा मड इंजिनिअरच्या नोकरीतला सर्वांत शांत वेळ असतो.

जाड कोळशाच्या चिखलाने नुसत्या बेंटोनाइटहून अधिक पाणी सोडले आणि कागदावर जो थर राहिला तो जाड व खरखरीत होता. बोटाने दाबला की त्यातून पाणी निघत होते. हाच कोळसा २०० मेशच्या चाळणीतून काढून पुन्हा घेतला तेव्हा थर बरा झाला. अर्काच्या चिखलाचा थर मात्र वेगळाच होता: पातळ, एकसारखा, निसरडा, आणि कागदावरून सोलताना न फाटणारा. व्हिस्कोमीटरवरही (दाटपणा मोजणाऱ्या यंत्रावरही) चिखल पातळ झालेला दिसला. ही खोली-तापमानाची चाचणी आहे, एवढे लक्षात ठेवून बोलायचे तर पाचटातून लिग्नाइटसारखे काम करणारा पदार्थ निघतो, यात मला शंका राहिली नाही. तापमानाची परीक्षा अजून व्हायची आहे. भांडे भट्टीत फिरते ठेवून १६ तास १२० आणि नंतर १५० अंशांना तापवायचे आणि मग हीच मोजमापे पुन्हा घ्यायची, ही रिगच्या प्रयोगशाळेतली रीत आहे, आणि तिच्यातून पार न पडलेल्या पदार्थाविषयी कोणी मड इंजिनिअर पाच मिनिटेही ऐकून घेणार नाही.

त्या दिवशी माझे लक्ष थराहून अधिक वेधले ते मोरीजवळ ठेवलेल्या कॅनांनी. एका कॅनमध्ये हायड्रोचार गाळून उरलेले पाणी होते. ते आम्लधर्मी असते, त्यात फरफ्युरल, सेंद्रिय आम्ले आणि विरघळलेली साखर उरलेली असते, आणि तसेच ओढ्यात सोडले तर पाण्यातला प्राणवायू संपवून टाकील. साखर कारखान्याच्या सांडपाण्याने मासे मेलेले ज्यांनी कृष्णेत पाहिले आहेत त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. हिरव्या ड्रिलिंग फ्लुइडचा विचार रिगवर सुरू होऊन रिगवरच संपतो, ही या विषयावरील लिखाणाविषयी माझी मुख्य तक्रार आहे. समुद्र स्वच्छ ठेवण्यासाठी वाळव्याचा ओढा काळा करायचा नसतो. या पाण्याची वाट बायोगॅसच्या टाकीत काढता येते, पण ती टाकी, तिचा खर्च आणि तिची देखभाल हे सर्व कार्बनच्या किमतीत धरले पाहिजे.

दुसऱ्या कॅनमध्ये कोळसा धुतलेले साधे पाणी होते आणि त्याविषयी चांगले बोलता येईल. पाचटात पोटॅशियम आणि क्लोराइड भरपूर असते. म्हणूनच पाचट बॉयलरमध्ये जाळायला कारखानेही नाखूष असतात, ते नळ्यांना खाते. कोळसा धुतला की यातील बराच भाग पाण्यात उतरतो. ते पाणी उसाला देता येते, पोटॅश मातीत परत जाते. उलट काहीजण सुचवतात की धुऊच नये, कारण पोटॅशियमचे आयन शेलच्या मातीतील पापुद्र्यांमध्ये नेमके बसतात आणि तिचे फुगणे रोखतात. पोटॅशियम क्लोराइडचे चिखल त्याच तत्त्वावर चालतात. युक्तिवाद चुकीचा नाही, पण त्या चिखलात हे क्षार मोजून घातलेले असतात. कोळशाबरोबर किती क्षार येईल हे ठाऊक नसताना बेंटोनाइटच्या चिखलात तो टाकणे म्हणजे बेंटोनाइट दुधासारखे फाटू देणे, त्याचे कण गोळा होऊ देणे. धुवावे हेच बरे.

सच्छिद्र सक्रिय कार्बनचा मोह मात्र मी तिला आवरायला सांगितला आहे. पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून ८०० अंशांना तापवले की पृष्ठफळ प्रचंड वाढते आणि निबंधात आकडा शोभून दिसतो, पण चिखलात हे पृष्ठफळ इतर रसायने शोषून बसते, आणि महाग पॉलिमर घालावे तितके त्यात जिरते. कोयनेसारख्या वैज्ञानिक छिद्रात तर चिखलाबरोबर वर येणारे वायू मोजायचे असतात. तेथे वायू शोषणारा पदार्थ फिरवणे हे मोजणाऱ्याच्या मापात खोट आणण्यासारखे होईल.

आता रानाच्या बाजूचा हिशेब. एका विहिरीत ३०० घनमीटर चिखल आहे आणि त्यात एक टक्का, म्हणजे घनमीटरला १० किलो, कार्बन घालायचा आहे असे धरले, तर ३ टन लागतो. पाचटाच्या कोरड्या वजनाच्या साधारण तीस टक्के कोळसा हाती येतो, म्हणजे १० टन पाचट झाले. एका विहिरीला एक हेक्टर ऊस पुरला! देशात वर्षाला खोदल्या जाणाऱ्या सगळ्या तेलविहिरी धरल्या तरी आमच्या एखाद-दुसऱ्या तालुक्याच्या पाचटापुढे ती मागणी काहीच नाही. त्यामुळे या धंद्याने पाचट पेटवणे थांबेल, शेतकऱ्याला जोडउत्पन्नाची खाण सापडेल, अशी जी वाक्ये प्रस्तावनेत आणि शेवटी टाकली जातात ती खरी नाहीत. पाचट पेटवणे थांबवायचे असेल तर त्याची कुट्टी करून सरीत ठेवणे हाच मार्ग आहे. ड्रिलिंगच्या कार्बनमधून उभा राहील तो एखादा लहान कारखाना, दहा-वीस माणसांचा, आणि त्याला मोठ्या बाजारपेठेपेक्षा नेमक्या गिऱ्हाइकाची गरज असेल.

ते गिऱ्हाईक, म्हणजे चिखल पुरवणारी कंपनी, पहिला प्रश्न दराचा विचारील. कच्छचा आणि राजस्थानचा लिग्नाइट स्वस्त आहे. त्याच्याशी दरात टक्कर देणे जमेल असे मला वाटत नाही. क्रोम लिग्नोसल्फोनेटच्या जागी तापमानाला टिकून दाखवले तर गोष्ट निराळी. दुसरा प्रश्न सातत्याचा असेल, आणि येथे शेतमालाची खरी परीक्षा आहे. रात्री अडीच वाजता फिल्ट्रेट (झिरपून येणारे पाणी) वाढला म्हणून मड इंजिनिअर २५ किलोची पोती फोडायला सांगतो तेव्हा पहिल्या आणि चाळिसाव्या पोत्यातला माल सारखाच वागणार, हे तो गृहीत धरून चालतो. पाचट तसे नसते. लागणीचे वेगळे, खोडव्याचे वेगळे, को ८६०३२ चे वेगळे आणि दुसऱ्या वाणाचे वेगळे. कृष्णाकाठच्या क्षारपड रानातील पाचटात क्लोराइड अधिक, माळावरच्या रानातील पाचटात कमी. म्हणून पाचट कोठून आले याची नोंद पोत्यावर असावी आणि प्रत्येक घाण्याची राख, क्लोराइड, कॉस्टिकमध्ये उतरणारा भाग व ३० मिनिटांचा फिल्ट्रेट ही चार मापे घेऊनच माल बाहेर पडावा, असे मी तिला लिहून दिले आहे. यंदाच्या हंगामात तिने एकाच गावातील क्षारपड आणि चांगल्या अशा दोन रानांचे पाचट शेजारी शेजारी ठेवून हीच चार मापे घ्यायची ठरवली आहेत.